मागावरील वैविध्य आणि त्याची किंमत

वस्त्रविद्या ही पद्मशाली समाजाची कुलविद्या होय. श्रीमार्कंडेय महामुनींना मूळपुरुष मानणारे आपले पूर्वज तेलंगणातून सोलापुरास आले व हातमागाच्या बळावर येथे स्थिरावले. ह्याच नगरीत १८७०च्या दशकात मोठी कापडगिरणी उभी राहिली. गिरणीचे कापड स्वस्त होते. तरीही हातमाग पुढे कित्येक दशके टिकून राहिला. ह्याचे कारण केवळ कलाकौशल्यात नव्हे, तर हिशेबातही शोधले पाहिजे.

नऊवारी लुगड्याचा रंग, काठ व पदर ह्यांविषयीची आवड प्रांतोप्रांती निराळी होती. गिरणीच्या मागावर शेकडो वारांचा उभार चढे. एकाच प्रकारचा माल अखंड निघत राहिला, तरच तो परवडे. हातमागाचा उभार मात्र थोड्या लुगड्यांपुरताच असे. त्यामुळे थोडा माल, पण नाना तऱ्हांचा, हे हातमागालाच साधत असे.

परंतु वैविध्य फुकट मिळत नाही. उभार संपताना शेवटचे काही सूत न विणताच उरते. समजा, ते अर्धा वार उरते. उभार पाच लुगड्यांचा, म्हणजे ४५ वारांचा असेल, तर नासाडी नव्वदावा हिस्सा होईल. एकाच लुगड्याचा असेल, तर तीच अठरावा हिस्सा, म्हणजे पाचपट होईल. शिवाय फणीतून सारे धागे नव्याने ओवावे लागले, तर तितका वेळ माग उभा राहतो.

ह्यावर जाणत्या विणकरांचा उपाय असा की, उभाराची रुंदी व धाग्यांची संख्या शक्यतो बदलू नये. मग जुन्या धाग्यांच्या टोकांना नवे धागे सांधले की पुन्हा ओवणी करावी लागत नाही. एकाच उभारावर आडवणीचा रंग पालटला, तरी निराळे लुगडे तयार होते.

पुढे यंत्रमाग आले, नऊवारीची मागणी ओसरली आणि जॅकार्डवर विणलेली सोलापुरी चादर नावारूपास आली. तेथेही नियम तोच राहिला. नव्या नक्षीसाठी छिद्रे पाडलेल्या पत्त्यांची नवी माळ करावी लागते. तिचा खर्च फार थोड्या चादरींवर पडला, तर चादर महागते. पत्ते तेच ठेवून सुताचे रंग बदलल्यास तीच नक्षी नवी भासते.

ह्या हिशेबाची दुसरी बाजूही सांगणे आपले कर्तव्य आहे. कांड्या भरणे, सूत उकलणे, उभाराची तयारी करणे ही कामे घरोघरी माताभगिनींनी व मुलांनी केली. त्यांची मजुरी बहुधा कोणत्याही खतावणीत लिहिली गेली नाही. विणकरास मजुरी नगावर मिळत असल्याने, माग बदलण्यात गेलेला वेळ त्याच्याच माथी पडे. ग्राहकास स्वस्तात मिळालेल्या वैविध्याचा काही भार अशा रीतीने आपल्याच घरांनी वाहिला.

आजच्या तरुण कारखानदारांनी नवी नक्षी अवश्य काढावी. मात्र तिची किंमत ठरविताना उरलेले सूत, थांबलेला माग आणि घरातील श्रम ह्या तिन्ही रकमा जमेस धराव्यात. पूर्वजांची चतुराई आपण जतन करावी. त्यांच्या घरांवर पडलेला भार मात्र पुढील पिढीच्या माथी येऊ देऊ नये.