मोठ्या खेळाच्या सावलीतील गवई : जबलपूरच्या लोहमार्गावरून एक विचार

पाश्चात्य संगीतव्यवहारात मुख्य वाद्यवृंदाच्या आधी एखाद्या अल्पपरिचित कलावंताने रंगमंच तापवून ठेवण्याची प्रथा आहे. हिंदुस्थानी मैफलीतही ज्येष्ठ गवई शेवटी बसतो आणि कनिष्ठ आधी गातो. वरवर पाहता दोन्ही प्रथा सारख्याच वाटतात. परंतु आपल्याकडे हा क्रम केवळ मानाचा नसून रागसमयाचाही आहे. आधी गाणाऱ्याच्या वाट्याला पूरिया, मारवा, यमन असे सायंकाळचे राग येतात. भैरवीवर त्याचा हक्क नसतो, कारण भैरवी झाली की मैफल संपली. कनिष्ठाने ज्येष्ठाचा संभाव्य राग टाळावा, हाही संकेतच. दुय्यमत्वाला येथे संगीताचेच व्याकरण लाभले आहे.

हे व्याकरण दरबारात आणि जाणत्या श्रोत्यांत टिकते. तिकीट काढून येणाऱ्या गर्दीपुढे त्याचे काय होते, हा प्रश्न जबलपूरसारख्या शहरामुळे उभा राहतो. १७८१ मध्ये हा मुलूख सागरच्या मराठ्यांकडे, १७९८ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे आणि १८१७ नंतर इंग्रजांकडे गेला. त्यानंतर येथे छावणी आली, कचेऱ्या आल्या. गवयाला पोसणारा दरबार मात्र उरला नाही. जवळच्या मैहर संस्थानात अल्लाउद्दीन खाँ यांना राजाश्रय मिळाला आणि १९१८ च्या सुमारास तेथे वाद्यवृंदही उभा राहिला. जबलपूरला लाभला तो लोहमार्ग. १८७० मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला आणि ईस्ट इंडियन या दोन कंपन्यांचे मार्ग येथे जुळले आणि मुंबई व कलकत्ता रेल्वेने जोडली गेली. मुंबईहून काशीकडे निघालेल्या प्रवाशाची वाट आता या शहरातून जाऊ लागली. नाटक मंडळ्या आणि सर्कशी ज्या फिरत्या व्यवसायावर जगल्या, त्याचा पाया या लोहमार्गांनीच घातला.

या व्यवसायातील सर्वांत बोलके उदाहरण रहिमत खाँ यांचे आहे. ग्वाल्हेरच्या हद्दू खाँ यांचे हे पुत्र. विष्णुपंत छत्रे यांनी ग्वाल्हेरीस अश्वविद्येबरोबर हद्दू खाँ यांच्याकडे गायनही शिकून घेतले होते. १८८० मध्ये मुंबईत त्यांच्या सर्कशीचा पहिला खेळ झाला. पुढे काशीस हलाखीत आढळलेल्या रहिमत खाँ यांना विष्णुपंतांनी आपल्याकडे आणले आणि सर्कशीच्या मुक्कामांबरोबर त्यांचेही फिरणे सुरू झाले. ज्यांना पुढे ‘भूगंधर्व’ म्हणून गौरवले गेले, ते घोडे आणि हिंस्र श्वापदे यांच्या तळावर राहत होते!

या घटनेकडे केवळ कलावंताची अवनती म्हणून पाहणे सोपे आहे. पण ते अपुरे ठरेल. लौकिक दृष्टीने सर्कस मोठी आणि गवई तिचा आश्रित, हे खरे. गुरुपरंपरेच्या दृष्टीने मात्र नाते नेमके उलटे होते : सर्कशीचा धनी हा शिष्य आणि आश्रित हा गुरुपुत्र. तंबूतील उत्पन्नाने एका घराण्याचा आवाज जपला. विष्णुपंतांनंतर त्यांचे बंधू काशीनाथपंत यांनीही ही जबाबदारी सांभाळली. रहिमत खाँ यांचे उत्तरायुष्य कुरुंदवाडास गेले आणि १९२२ मध्ये ते निवर्तले. उतारवयातील त्यांच्या मोजक्या ध्वनिमुद्रिका उपलब्ध आहेत. अब्दुल करीम खाँ यांच्या गायकीवरील त्यांचा प्रभाव तर सर्वमान्य आहे.

याच्या शेजारी भास्करबुवा बखले यांना ठेवून पाहावे. बालवयात किर्लोस्कर मंडळीत नट असलेले बुवा आवाज फुटल्यावर तेथून बाहेर पडले, आणि थोर गवई झाल्यावर गंधर्व मंडळीच्या ‘स्वयंवर’ (१९१६) या नाटकाच्या चाली त्यांनी दिल्या. रंगमंचावर टाळ्या नटाला मिळाल्या. चालींमधून घराणेदार गायकी मात्र तिकीट काढणाऱ्या सामान्य श्रोत्यापर्यंत पोचली. सर्कशीने गवयाला जगवले, तर नाटकाने त्याच्या गाण्याला नवा श्रोता दिला, असा भेद येथे करता येईल.

तात्पर्य, ‘आधीचा’ आणि ‘मोठा’ या संज्ञा तौलनिक अभ्यासात जशाच्या तशा उचलता येत नाहीत. जाहिरातीतील क्रम, मैफलीतील क्रम आणि परंपरेतील क्रम हे तीन निरनिराळे हिशेब आहेत. पहिल्या हिशेबात सर्कस मोठी होती. तिसऱ्यात ती रहिमत खाँ यांच्या चरित्रातील एक प्रकरण होऊन राहिली आहे.