काम सारखं, तर दामही सारखा

मैत्रिणींनो, रोवणीच्या दिवसांत आपण भंडाऱ्याच्या बांधीत दिवसभर वाकतो. ‘बाईची मजुरी कमीच’ हे ऐकतच आपण मोठ्या झालो. ऑड्री डिकोस्टा यांनी मात्र ते ऐकून घेतलं नाही.

त्या मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत स्टेनोग्राफर होत्या. तेच काम करणाऱ्या पुरुषांना पगार जास्त होता. १९७७ साली त्यांची नोकरी गेली, तरी १९७६च्या समान वेतन कायद्याखाली त्यांनी फरकाचे पैसे मागितले. कंपनी म्हणाली, युनियनशी करार झालाय, शिवाय परवडत नाही. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही सबबी नाकारल्या.

हा नियम शेतमजुरीलाही लागू आहे. मजुरी ठरवताना आपणही गटानं मिळून विचारू : काम सारखं, मग दाम कमी का?