शिकारीच्या फोटोबाहेरची माणसं

नागपूरहून यवतमाळला निघालं की वर्धा, देवळी मागे पडतं आणि कळंब येतं. बऱ्याच गाड्या इथे चिंतामणीच्या देवळापाशी थांबतात. पायऱ्या उतरून खाली गाभाऱ्यात दर्शन घ्यायचं, वर येऊन चहा प्यायचा आणि पुढे निघायचं. कळंबच्या पूर्वेला राळेगाव तालुका लागतो. २ नोव्हेंबर २०१८च्या रात्री त्या तालुक्यातल्या बोराटीजवळ टी-१ नावाची वाघीण गोळी लागून मेली. देश तिला ‘अवनी’ म्हणून ओळखतो.

तुमच्यापैकी बरेच जण तेव्हा शाळा-कॉलेजात असतील. तिच्यासाठीचा एखादा हॅशटॅग कदाचित तुम्हीही पुढे पाठवला असेल. तिच्या मरणानंतर शहरांत मेणबत्त्या पेटल्या आणि बोराटीच्या आसपासच्या गावांत फटाके फुटले. मेणबत्तीवाल्यांना भाबडं म्हणणं सोपं आहे, फटाकेवाल्यांना क्रूर म्हणणं त्याहून सोपं. पण शिकारीचा आनंद कोणाचा आणि तिची किंमत कोणाची, हा प्रश्न या मुलखात अवनीच्या कितीतरी आधीपासून आहे. तो समजून घ्यायचा तर चारेकशे वर्षं मागे जावं लागेल.

बादशहाचा हिशेब

कळंबचं नाव अकबराच्या दफ्तरात आहे. अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्यातल्या सरकारांमध्ये कळंब येतं. सरकार म्हणजे साधारण आजचा जिल्हा. शहर जुनं आणि महत्त्वाचं, इथल्या म्हशी नावाजलेल्या, शेजारी चांद्याचा गोंड राजा, अशी ती नोंद आहे.

याच ग्रंथात बादशहाच्या शिकारीवर वेगळं प्रकरण आहे. वरवर बघणाऱ्याला शिकारीत फक्त जीव घेण्याची मजा दिसते. बादशहा मात्र शिकारीच्या निमित्ताने न कळवता मुलखात फिरतो आणि रयतेची खरी अवस्था बघतो, असं अबुल फजलचं म्हणणं. म्हणजे शिकारीच्या आनंदाला काहीतरी कारण जोडायची गरज सोळाव्या शतकातही वाटत होती.

जहांगीरला तशी गरज वाटली नाही. त्याने सरळ हिशेब मांडला. वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत त्याच्यासमोर २८,५३२ जनावरं मारली गेली, त्यातली १७,१६७ त्याने स्वतः मारली. वाघ-सिंह किती, हरणं किती, पक्षी किती, सगळं लिहून ठेवलंय. जनावरांना चहूबाजूंनी रेटत बादशहाच्या टप्प्यात आणणाऱ्यांची मोजणी या हिशेबात नाही. मोठ्या शिकारीत हजारो माणसं दिवसच्या दिवस जंगलाला कडं घालून चालत. मराठीत याला हाका म्हणतात. हाक्यातल्या माणसाच्या हातात ढोल किंवा काठी असायची आणि बिथरलेलं जनावर आधी त्याच्याच अंगावर यायचं.

आनंद खोटा नव्हता

तो आनंद खोटा होता, असं म्हणणं मात्र अप्रामाणिकपणाचं होईल. जुन्या शिकाऱ्यांनी लिहिलेलं वाचलं की लक्षात येतं, गोळी झाडणं हा त्यातला अगदी छोटा भाग असायचा. बाकीचा सगळा वेळ वाट बघण्यात जायचा. पाणवठ्यावरचा माग ताजा की शिळा ते ओळखायचं. माकडाचा खेकसा आणि सांबराचा ढँक यांवरून वाघ कुठून कुठे चाललाय ते समजून घ्यायचं. वाघाने मारलेल्या जनावराजवळ, म्हणजे गाऱ्यावर, मचाण बांधून रात्रभर खोकलासुद्धा दाबून बसायचं. जंगल इतकं नीट ऐकायची सवय दुसऱ्या कशाने क्वचितच लागत असेल. जिम कॉर्बेटने आधी बंदूक चालवली आणि मग वाघ वाचवायला हवा म्हणून सांगत फिरला. ती ओळख त्याला शिकारीतूनच झाली होती.

या आनंदाला काही नियमही होते. सगळ्यात मोठा नियम असा, की जखमी जनावर सोडून घरी यायचं नाही. ते आपण जखमी केलंय, तर पायी माग काढत जायचं आणि संपवायचं. चवताळलेला वाघ झुडपात बसलाय हे माहीत असूनही जायचं. आपण गेलो नाही तर उद्या सकाळी तो एखाद्या गुराख्यावर जाईल. आपल्या मजेची किंमत दुसऱ्याने मोजायची नाही, हे त्या नियमाचं सार. तो सगळ्यांनी पाळला असं नाही. पण शिकारीत नीती असेल, तर ती इथे होती.

परवाना आणि फास

१८५३ साली निजामाचं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आलं. आजचा यवतमाळ जिल्हा त्या काळात ‘वून’, म्हणजे वणी जिल्हा होता. यवतमाळ हे नाव १९०५ साली आलं. कापूस वाढला, रेल्वे आली, जंगलं राखीव झाली. राखीव जंगलात शिकार करायची तर परवाना हवा. परवाना साहेबाला मिळे, संस्थानिकाला मिळे, बंदूक बाळगणाऱ्या मालगुजार-देशमुखालाही कधीमधी मिळे. शिवाय वाघ, बिबट्या, लांडगा मारणाऱ्याला सरकार इनाम देई. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या अंदाजाप्रमाणे १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत देशात ८०,००० हून जास्त वाघ मारले गेले. वाघ संपला तो भुकेल्या माणसाने खाऊन नव्हे.

त्याच जंगलात आणखी एक शिकारी होता. त्याच्याकडे बंदूक नव्हती, फास होते. फासेपारधी जनावरांच्या केसांच्या आणि आतड्यांच्या दोऱ्यांचे फास मांडून तितर, लाव्हे, ससे, हरणं धरत. पारध्यांचे इतरही गट होते. कुणी शिकवलेल्या बैलाच्या आडून सावजाजवळ जाई. कुणी चित्ते धरून, माणसाळवून राजेरजवाड्यांना पुरवी.

माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातल्या या भटक्या शिकाऱ्यांचा अभ्यास केला. फासात गाभण हरणी किंवा पाडस सापडलं तर फासेपारधी ते सोडून देत, अशी त्यांची नोंद आहे. नंदीवाले कुत्र्यांच्या मदतीने रानडुक्कर आणि साळिंदर धरत, वैदू छोट्या मांसाहारी आणि पाण्यातल्या जनावरांमागे जात. तिघांचं सावज बरंचसं वेगळं, त्यामुळे एकाच रानावर ताण कमी पडे. ही नीती कुठल्या क्लबच्या नियमावलीत छापलेली नव्हती. पुढच्या वर्षीही पोट भरायचं होतं, म्हणून ती पाळली जात होती.

आणि गुन्हेगार कोण ठरलं? १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या जाचात पारध्यांचे अनेक गट सापडले. तो १९५२ साली रद्द झाला. योगायोग असा, की भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर झालं तेही १९५२ सालीच. चित्ता धरून देणाऱ्याच्या नावापुढे चोर लागलं. चित्त्यांवर गोळ्या झाडणाऱ्यांचे फोटो मात्र वाड्यांच्या दिवाणखान्यात लागले. त्या फोटोंत एक पाय जनावरावर ठेवलेला असतो आणि हाक्यातली माणसं सहसा चौकटीबाहेर असतात.

बोराटीची वाघीण

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मजेसाठीच्या शिकारीचा काळ संपवला. हे चांगलं झालं, याबद्दल शंका नको. आज टिपेश्वरला वाघ दिसतो तो त्या कायद्यामुळे. पण कायद्याने एक दार किलकिलं ठेवलं आहे. वाघ माणसांना घातक ठरला आणि त्याला पकडणं, बेशुद्ध करणं किंवा दुसरीकडे हलवणं शक्य नसेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक त्याला मारायची परवानगी देऊ शकतो.

२०१६ ते २०१८ या काळात राळेगाव-केळापूर पट्ट्यात १३ माणसं मेली. त्या मृत्यूंसाठी टी-१ला जबाबदार धरलं गेलं. सगळेच तिचे बळी होते का, यावर वाद झाला. मेले कोण, यावर मात्र वाद नाही. ही शेतात काम करणारी, गुरं चारायला गेलेली, जंगलाच्या कडेने रोजचं जगणं चालवणारी माणसं होती. जनावरामागे ती गेली नव्हती, तरी हाक्यातल्या माणसासारखीच जनावराच्या वाटेत उभी होती.

सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप करायला नकार दिला आणि मोहीम सुरू झाली. कॅमेरा ट्रॅप लागले, हत्ती आले, वाघिणीला भुलवायला अत्तर शिंपडलं गेलं. ऑक्टोबरमध्ये मोहिमेसाठी आणलेला एक हत्ती सुटला आणि त्याने गावातल्या एका महिलेचा जीव घेतला. वाघिणीपासून माणसं वाचवायला निघालेल्या मोहिमेत असं एक माणूस गेलं. अवनीच्या बातम्यांच्या गर्दीत ही बातमी किती जणांना आठवते?

शेवटची गोळी हैदराबादचे शिकारी शफात अली खान यांच्या मुलाने झाडली. वाघीण चालून आली म्हणून स्वसंरक्षणासाठी झाडली, असं त्यांच्या बाजूचं म्हणणं. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या समितीने कार्यपद्धती मोडल्याचा ठपका ठेवला. तिला दोन बछडे होते. त्यातल्या मादीला डिसेंबरात पकडून पेंचला नेलं. २०२१च्या मार्चमध्ये तिला मोकळं सोडलं आणि काही दिवसांतच दुसऱ्या वाघिणीशी झालेल्या झटापटीत ती मेली.

नियम मोडले असतील तर तो गुन्हाच. गावकऱ्यांच्या भीतीने तो धुऊन निघत नाही. पण मेणबत्ती लावणाऱ्यांनी स्वतःला एवढं विचारायला हवं, की आपल्याला हवा असलेला वाघ कोणाच्या धुऱ्यावर राहतो? आपण त्याचा फोटो ठेवतो. त्याच्या सोबत राहण्याचा धोका कोण उचलतं? वाघ वाचवण्यातला आनंदही आनंदच आहे. जखमी जनावराच्या मागे स्वतः जाण्याचा नियम त्यालाही लागू पडतो. गुरांची भरपाई वेळेवर मिळणं, सरपणासाठी जंगलात जावंच लागू नये अशी सोय होणं, वाघ फिरतोय हे गावाला आधी कळणं, हे आज आपलं त्या मागावर पायी जाणं आहे. टिपेश्वरच्या जिप्सीत बसून ‘साइटिंग झालं का?’ एवढंच विचारून परतणं म्हणजे मचाणावरून उतरून थेट घरी जाणं.

जागल

कार्तिक-मार्गशीर्षात कधी कळंबकडून रात्री जाणं झालं, तर गाडी जरा हळू करा. कपाशी-तुरीच्या वावरांत मध्येच टॉर्च चमकून विझतो. तिथे कुणीतरी जागलीला बसलेलं असतं. रानडुकरांचा कळप तुरीत घुसला, की रोही कपाशीत उतरले, ते अंधारात नुसत्या आवाजावरून ओळखायचं असतं. तार वाजली, कुत्रं गप्प झालं, पाला मोडला. चाहूल जास्त जड वाटली तर आरोळी द्यायची की गप्प बसायचं, तेही क्षणात ठरवायचं असतं.

जुने शिकारी ज्या ऐकण्याबद्दल पानंच्या पानं लिहीत, तेच हे ऐकणं. मचाणही तसंच, चार बल्ल्यांचं. फक्त हा माणूस तिथे हौसेने बसलेला नाही, आणि सकाळी त्याला वेचणीला जायचं आहे.