भयाच्या घरी हास्याचा मुक्काम



उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्यात, सह्याद्रीच्या माथ्यावर, कॅसलरॉक नावाचे रेल्वे स्थानक आहे. १९६१ साली गोवा मुक्त होईपर्यंत ते सरहद्दीवरचे स्थानक होते. येथून गाडी बोगद्यांमागून बोगदे ओलांडीत दूधसागराकडे उतरते. धो धो पाऊस, धुके, निबिड अरण्य. भयकथेला याहून अधिक ते काय हवे? योगायोग पाहा. अमेरिकन कादंबरीकार स्टीफन किंग यांनी १९७९ पासून आपल्या अनेक भयकथा ज्या काल्पनिक गावात घडविल्या, त्याचेही नाव कॅसलरॉकच!

अशा भयाच्या घरी विनोद वस्तीला येतो तो कसा? आचार्य अत्रे यांची ‘झेंडूची फुले’ १९२५ साली निघाली, तेव्हा वाचक हसला; कारण मूळ कवींच्या लकबी त्याला ठाऊक होत्या. ओळखीवाचून विडंबन नाही. भयाशी ही ओळख मराठी वाचकाला नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी करून दिली. मध्यरात्रीची चाहूल ऐकून ज्याने एकदा पांघरूण डोक्यावर ओढले आहे, तोच पुढे त्या चाहुलीला हसू शकतो.

१९९३ चा ‘झपाटलेला’ घ्या. खुन्याचा आत्मा बाहुल्यात शिरतो, ही कल्पना १९८८ च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकन चित्रपटात येऊन गेली होती. महेश कोठारे यांनी तात्या विंचूचा धाक तसाच राखला. समोर मात्र लक्ष्मीकांत बेर्डे यांचा भाबडा, भित्रा लक्ष्या उभा केला. मुले घाबरली आणि हसलीही.

दूरचित्रवाणीवर २००४ साली इंग्लंडात ‘गार्थ मारेंगीज डार्कप्लेस’ ही सहा भागांची मालिका आली. तिच्यातील आत्मप्रौढ भयकथाकार स्वतःच्याच मालिकेत नायक होऊन मिरवतो. पछाडलेले रुग्णालय, अघोरी शक्ती, गूढ स्वर, सारी सामग्री भयकथेचीच. हसू येते ते बेतीव अभिनयाचे आणि लेखकाच्या अहंकाराचे.

आपल्या समीक्षेने भयकथेला बराच काळ ओसरीवरच बसविले. परंतु ज्या वाङ्मयाचा मनावर ठसा नाही, त्याची नक्कल करण्याच्या भरीस कोण पडेल? विडंबनकार हा भयकथेचा ऋणको आहे, आणि ते ऋण तो हास्याच्या नाण्यांत फेडतो. म्हणून तात्या विंचूला हसून झाल्यावर एखाद्या पावसाळी रात्री धारपांची एक कथा अवश्य वाचावी. दार मात्र आधी लावून घ्यावे.