मळ्यातलं घर आणि रुग्णाची धर्मशाळा

आज आपण गंगापूर रोडवर जमलो आहोत, तर सुरुवात इथूनच करू. हा रस्ता गावाबाहेर पडायचा तेव्हा दोन्ही बाजूंना मळे होते, मळ्यांत जाड भिंतींची घरं होती. आता इथे दवाखाने आहेत. पेठ-सुरगाण्याहून आलेला रुग्ण खाटेवर असतो. पण त्याच्याबरोबरचं माणूस? ते जिन्याखाली चादर टाकून पडलेलं आपण सर्वांनी पाहिलं आहे.

१९१७ मध्ये गाडगेबाबांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली. आपल्या नाशकातही गोदाकाठी त्यांची धर्मशाळा आहे. या यात्रेकरूंसाठीच्या. १९५४ मध्ये मुंबईत जे. जे. रुग्णालयापाशी उभी राहिली ती मात्र रुग्णांच्या नातेवाइकांसाठी. इथे जरा थांबू या. यात्रेकरूला परतायचा दिवस ठाऊक असतो, म्हणून धर्मशाळांतून तीन दिवसांचा नियम चालायचा. कर्करोगावरचे किरणोपचार आठवड्यातले पाच दिवस, असे कित्येक आठवडे चालतात. त्या माणसाला तीन दिवसांनी ‘निघा’ कसं म्हणणार? ज्याची येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, असं आम्ही वर्गात शिकवत आलो (व्युत्पत्तीचा वाद आज नको). रुग्णाची तर जाण्याचीही तिथी ठरलेली नसते! जुन्या आतिथ्यधर्माला हा पाहुणा नवाच होता.

अमेरिकेतही हेच घडलं. फिलाडेल्फियात फ्रेड हिल या फुटबॉलपटूच्या चिमुकलीला रक्ताचा कर्करोग झाला; आईबाप रुग्णालयातल्या बाकांवर झोपत. डॉ. ऑड्रे इव्हान्स यांना अशा कुटुंबांसाठी घर हवं होतं. मॅकडोनाल्डची मदत मिळाली आणि १९७४ मध्ये एका जुन्या राहत्या घरातच पहिलं ‘रोनाल्ड मॅकडोनाल्ड हाउस’ सुरू झालं.

घरच का? आमच्या मते, चुलीसाठी. तोंड आलेल्या माणसाला हॉटेलची तिखट भाजी चालत नाही. त्याला मऊ भात लागतो, तोही रात्री अकराला भूक लागली तर अकराला. लॉजवर खोली मिळते, हे मिळत नाही.

म्हणून मळ्यातलं एखादं घर पाडायला काढलं, की आम्हांला चुटपुट लागते. अर्थात नुसत्या हळहळीने भागत नाही. चाकाच्या खुर्चीसाठी उंबरे काढावे लागतील, संडास आत घ्यावा लागेल. भिंतींची ओल तर आधी घालवायला हवी. केमोथेरपीने प्रतिकारशक्ती उतरलेल्या माणसाच्या ती बुरशी जिवावर बेतू शकते. एवढं सगळं बदला. स्वयंपाकघर तेवढं मोठंच राहू द्या, दोन-तीन घरच्या बायाबापड्यांना एका वेळी उभं राहता येईल असं.