वनस्पती तुपाचा इतिहास : तेल घट्ट झाले, पण कसे?

थंडीत खोबरेल तेल बाटलीत थिजते, हे तुम्ही दरवर्षी पाहता. बाटली कोमट पाण्यात ठेवली की तेल पुन्हा पातळ होते. साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली ते घट्ट होते आणि त्याच्या वर वितळते. हा भौतिक बदल आहे. तेल मुळात तेच राहते, फक्त त्याची अवस्था बदलते.

वनस्पती तूपही पांढरे, घट्ट आणि तापवल्यावर वितळणारे असते. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसते. पण वनस्पती तुपाचा घट्टपणा रासायनिक बदलातून आलेला असतो, आणि तो बदल शेगडीवर ठेवून उलटवता येत नाही.

याची सुरुवात फ्रान्समध्ये झाली. निकेल धातूच्या मदतीने सेंद्रिय पदार्थांना हायड्रोजन जोडता येतो, हे पॉल साबात्ये यांनी दाखवले. त्यासाठी त्यांना १९१२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याआधीच, १९०२ मध्ये, जर्मनीच्या विल्हेल्म नॉर्मन यांनी ही युक्ती पातळ तेलांवर वापरून तिचे पेटंट घेतले होते. १९११ मध्ये अमेरिकेत सरकीच्या तेलापासून बनवलेले 'क्रिस्को' बाजारात आले. आपल्याकडे १९३२ मध्ये मुंबईत शिवडीला वनस्पतीचे उत्पादन सुरू झाले आणि १९३७ मध्ये 'डालडा' आला. साजूक तूप न परवडणाऱ्या घरांना तो मोठा आधार वाटला. पुढे तर 'डालडा' हेच वनस्पती तुपाचे नाव होऊन बसले.

आता या प्रक्रियेत नेमके काय होते ते पाहू. तेलाच्या रेणूत काही ठिकाणी कार्बनचे दुहेरी बंध असतात. तिथे रेणूला बाक येतो, त्यामुळे रेणू एकमेकांना चिकटून बसत नाहीत आणि तेल पातळ राहते. हायड्रोजन जोडला की काही दुहेरी बंध नाहीसे होतात. पण प्रक्रिया अर्धवट थांबवली, तर उरलेल्या बंधांपैकी काहींची रचना पालटते. बाक जातो, रेणू सरळ होतो. हेच ट्रान्स फॅट. हायड्रोजन पूर्णपणे जोडला तर ट्रान्स फॅट जवळजवळ उरत नाही, पण मग तयार होणारा मेद फारच कडक असतो. मऊ, रवाळ तूप हवे म्हणूनच प्रक्रिया अर्ध्यावर थांबवली जाई.

त्या काळी आपल्याकडे चिंता होती ती भेसळीची. साजूक तुपात वनस्पती मिसळली तर ओळखता यावी, म्हणून वनस्पतीत किमान ५ टक्के तिळाचे तेल घालणे कायद्याने बंधनकारक झाले. तिळाचे तेल असले की रासायनिक चाचणीत लाल रंग येतो. म्हणजे तूप खरे की खोटे, हे तपासायची सोय झाली. ते रक्तवाहिन्यांचे काय करते, हा प्रश्न मात्र मागे राहिला.

त्याचे ठोस उत्तर १९९० मध्ये मिळाले. ट्रान्स फॅटमुळे वाईट कोलेस्टेरॉल (एलडीएल) वाढते आणि चांगले (एचडीएल) कमी होते, असे नेदरलँड्समधील मेन्सिंक व कटान यांनी दाखवले. म्हणजे हृदयाला दुहेरी फटका. २००३ मध्ये डेन्मार्कने त्यावर २ टक्क्यांची मर्यादा घातली. भारतात २०११ मध्ये मर्यादा १० टक्के होती. ती टप्प्याटप्प्याने कमी होत २०२१ मध्ये ३ आणि २०२२ मध्ये २ टक्क्यांवर आली. नॉर्मन यांच्या पेटंटपासून इथवर यायला १२० वर्षे लागली.

मग आज तुम्ही काय करायचे?

• खारी, नानकटाई, बिस्किटे घेताना वेष्टनावरील घटक वाचा. 'अंशतः हायड्रोजनेटेड' किंवा 'हायड्रोजनेटेड वनस्पती तेल' असे लिहिलेले पदार्थ शक्यतो टाळा.
• 'ट्रान्स फॅट शून्य' म्हणजे मनसोक्त खा, असे नव्हे. घट्टपणासाठी आता पामतेल बरेच वापरतात आणि त्यात जवळपास निम्मा मेद संपृक्त असतो. तोही वाईट कोलेस्टेरॉल वाढवतो.
• तळणीचे तेल पुन्हा पुन्हा तापवू नका. तेही रासायनिक बदलच घडवते. तेल काळे, दाट झाले किंवा त्याला खवट वास आला तर टाकून द्या.

एखादा पदार्थ 'वनस्पतिजन्य' आहे, एवढ्यावरून तो हृदयाला चांगला ठरत नाही. कारखान्यात त्याचे पुढे काय केले, हेही पाहावे लागते.