यूटीसी ते एनसीसी

भारतातील विद्यापीठांत सैनिकी प्रशिक्षण आले ते पहिल्या महायुद्धाच्या ओढाताणीत. फौजेत माणसे कमी पडू लागली, तेव्हा १९१७ च्या कायद्याखाली इंडियन डिफेन्स फोर्स उभी राहिली आणि कॉलेजच्या मुलांची युनिव्हर्सिटी कोअर निघाली. कलकत्ता विद्यापीठाच्या तुकडीत सुभाषचंद्र बोस होते. प्रेसिडेन्सी कॉलेजातून काढून टाकल्यावर ते स्कॉटिश चर्च कॉलेजात शिकत होते. त्याआधी बंगाली पलटणीत भरती व्हायला ते गेले होते, पण डोळे अधू म्हणून परत पाठवले गेले. विद्यापीठाच्या तुकडीत नजरेबाबत तेवढी काटेकोर तपासणी नव्हती. फोर्ट विल्यमजवळच्या मैदानावर तंबूत राहणे, कवायत, पुढे बेलघरियाच्या रेंजवर नेमबाजी असा तो दिनक्रम. रायफली घ्यायला किल्ल्यात शिरताना, आपल्याच हक्काचे काहीतरी ताब्यात घ्यायला आलो आहोत, असे वाटल्याचे त्यांनी पुढे आत्मचरित्रात लिहून ठेवले. १९२८ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये त्यांनी गणवेशातले स्वयंसेवक दल उभे केले, त्याची तालीम इथलीच म्हणायला हरकत नाही.

युद्ध संपले, पण तुकड्या राहिल्या. १९२० मध्ये इंडियन टेरिटोरियल फोर्सचा कायदा झाला आणि युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर, म्हणजे ‘यूटीसी’, अस्तित्वात आली. पोशाख फौजेसारखा, शिस्त फौजेची; फौजेत अधिकारी होण्याची वाट मात्र जवळजवळ बंद. इंग्लंडमधल्या सँडहर्स्टच्या लष्करी अकादमीत भारतीयांसाठी वर्षाला जेमतेम दहा जागा होत्या. युरोपियन आणि अँग्लो-इंडियन लोकांसाठी ऑक्झिलिअरी फोर्स, भारतीयांसाठी टेरिटोरियल, ही वाटणीही लोकांना खुपत होती. कायदेमंडळात तक्रारी झाल्या, समित्या बसल्या. त्यांपैकी स्कीन समितीत मोतीलाल नेहरू आणि जिना होते. भारतातच लष्करी महाविद्यालय काढावे, अशी शिफारस तिने केली. डेहराडूनची इंडियन मिलिटरी अकादमी मात्र १९३२ साली उघडली.

दुसऱ्या महायुद्धात अधिकाऱ्यांची चणचण भासली, तेव्हा १९४२ मध्ये ‘यूटीसी’च्या नावात ‘ऑफिसर्स’ हा शब्द घातला गेला आणि तिची ‘यूओटीसी’ झाली. पंचवीस वर्षे जो शब्द टाळला गेला तो गरज पडताच सापडला. पण नाव बदलून अधिकारी तयार होत नसतात. ‘यूओटीसी’कडून सरकारची जी अपेक्षा होती ती पुरी झाली नाही.

सप्टेंबर १९४६ मध्ये पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. मार्च १९४७ मध्ये तिचा अहवाल आला. शाळा-कॉलेजांसाठी देशव्यापी छात्रसेना असावी, असा त्याचा मथितार्थ. १९४८ च्या कायद्याने नॅशनल कॅडेट कोअर, म्हणजे ‘एनसीसी’, जन्मली आणि १५ जुलैला तिचे काम सुरू झाले. पहिले संचालक होते गोपाळ गुरुनाथ बेवूर, पुढे भारताचे लष्करप्रमुख झालेले. १९४९ मध्ये मुलींचा विभाग निघाला, १९५० मध्ये हवाई आणि १९५२ मध्ये नौदल शाखा.

चीनशी झालेल्या युद्धानंतर १९६३ मध्ये एनसीसी कॉलेजात सक्तीची झाली. मैदाने भरली, पण एवढ्या मुलांना पुरतील एवढे शिकवणारे कुठून आणणार? रायफलीही वाटून घ्याव्या लागल्या. सक्तीच्या परेडला दांडी मारण्याच्या युक्त्या हा त्या पिढीचा आवडता विषय होऊन बसला. १९६८ मध्ये सक्ती उठली. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत कॅडेटांनी दारूगोळा कारखान्यांना मदत करण्यापासून शत्रूचे छत्रीधारी सैनिक शोधण्यापर्यंतची कामे केली.

‘ऑफिसर्स’ हा शब्द १९४८ मध्ये नावातून गेला, पण अधिकारीपदाची खरी वाट त्यानंतरच मोकळी झाली. आज एनसीसीचे ‘सी’ सर्टिफिकेट असलेल्या पदवीधराला एनसीसी विशेष प्रवेशातून लेखी परीक्षेशिवाय थेट सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाच्या (एसएसबी) मुलाखतीला जाता येते. निवड झाली तर चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीतून कमिशन मिळते. कॉलेजात एनसीसी सांभाळणाऱ्या प्राध्यापकांनाही गणवेश घालून शिकावे लागते, आणि त्यांच्यापैकी अनेकांचे वर्ग नागपूरजवळच्या कामठीत भरतात.